शिडीवर चढायला फॉर्म कशाला?

(हा ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरावृत्ती काढली आहे, आकडेमोड जरा नीट मांडली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय शिडी. हो, तीच, माळ्यावरचं सामान काढायला लागते ती. कामाच्या ठिकाणी शिडी वापरण्याबद्दल जे नियम असतात ते अती होतात का, हा आजचा प्रश्न. विषय किरकोळ वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा. माझा स्वतःचा एक जुना हिशोब यात अडकलेला आहे.

सुरुवात आमच्या ऑफिसातल्या एका प्रसंगानं करतो. मध्यंतरी मीटिंग रूममधलं वायफाय बंद पडलं. छताला डब्यासारखा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवलेला असतो, तो हँग झाला होता. त्याची केबल काढून परत लावली की चालू होतो, हे सगळ्यांना माहीत. छत साडेनऊ फुटांवर. अ‍ॅडमिनकडे चांगली अ‍ॅल्युमिनियमची घोडी आहे, पण ती कुलपात. ती हवी असेल तर उंचीवरच्या कामाचा परवाना, प्रशिक्षण झालेला माणूस, खाली उभा राहणारा एक मदतनीस आणि सेफ्टीवाल्यांची सही. उत्तर आलं, "उद्या सकाळी व्हेंडरचा माणूस येईल." आणि आमचा क्लायंटचा कॉल होता दहा मिनिटांत.

मग काय झालं असेल? आमच्यातला एक जण चाकांच्या खुर्चीवर चढला. दुसऱ्यानं खुर्ची धरली. केबल काढली, लावली, पठ्ठ्या खाली उतरला. कॉल वेळेवर सुरू झाला. कुणी पडलं नाही, कुणी तक्रार केली नाही.

खुर्ची धरणारा तो दुसरा म्हणजे मी.

आता यातली गंमत बघा. मी ज्या टीममध्ये आहे ती टीम कामाचे परवाने देणारं सॉफ्टवेअर बनवते. कारखान्यात वेल्डिंग करायचं, टाकीत उतरायचं, उंचीवर चढायचं, तर आधी एक डिजिटल फॉर्म भरून मंजुरी घ्यायची, तो फॉर्म आम्ही बनवतो. क्लायंट ब्रिटनमधला. म्हणजे दिवसभर 'उंचीवरचं काम' नावाचं मॉड्यूल लिहायचं आणि संध्याकाळी चाकांची खुर्ची धरून उभं राहायचं. त्या रात्री मी ठरवलं की हे नियम एकदा मुळातून वाचायचे. म्हणजे आमचा फॉर्म नव्हे, खरा कायदा.

कायदा नक्की काय म्हणतो

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण "शिडीचे नियम अती झालेत" ही ओरड सगळ्यात जास्त तिथेच झाली. तिथे २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले. त्यामागे युरोपियन युनियनचा २००१ चा निर्देश होता. या नियमांनंतर तिथे एक समज पसरला की शिडीवर बंदी आली. वर्तमानपत्रांनी तो चवीनं छापला. शेवटी तिथल्या सुरक्षा खात्याला, म्हणजे हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हला, "अहो, आम्ही शिडीवर बंदी घातलेली नाही" असे खुलासे करावे लागले.

नियमात खरं काय आहे? तीन पायऱ्यांचा क्रम आहे. पहिली पायरी, उंचीवर जाणं टाळता येतं का ते बघा. टाळता येत नसेल तर माणूस पडणारच नाही अशी सोय करा, म्हणजे कठडा, पक्का प्लॅटफॉर्म वगैरे. तेही शक्य नसेल तर पडला तरी कमीत कमी लागेल असं बघा. शिडीबद्दल स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्याचा मथितार्थ असा, की धोका कमी असेल आणि काम थोड्या वेळाचं असेल, किंवा जागेची रचनाच अशी असेल की दुसरं साधन बसत नाही, तर शिडी वापरा. थोडा वेळ म्हणजे किती? खात्याचं मार्गदर्शन सांगतं, एका जागी साधारण तीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर दुसऱ्या साधनाचा विचार करा. म्हणजे बल्ब बदलायला परांची बांधा असं कुणीही म्हटलेलं नाही.

यात एक शब्द फार महत्त्वाचा आहे: व्यवहार्य असेल तितकं. ब्रिटिश सुरक्षा कायद्यात तो जागोजागी येतो. त्याचा अर्थ १९४९ सालच्या एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड या खटल्यात स्पष्ट झाला. खाणीतल्या रस्त्याची बाजू ढासळून एक कामगार मेला होता, आणि प्रश्न होता की खाणीतल्या सगळ्या रस्त्यांना आधार देणं मालकावर बंधनकारक आहे का. न्यायालयानं तराजू मांडला. एका पारड्यात धोका. दुसऱ्यात तो टाळण्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. दुसरं पारडं पहिल्यापेक्षा फारच जड असेल तरच मालकाची सुटका. म्हणजे कायदा स्वतःच म्हणतोय की हिशोब करा. हा विचार आपल्याकडेही आहे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमात, जिथून माणूस पडू शकतो अशा उंचीवर काम असेल तर कठडा लावून किंवा अन्य मार्गानं, व्यवहार्य असेल तितकी, सुरक्षितता द्या, असंच म्हटलं होतं.

मग अतिरेक आला कुठून? त्याकडे येतो. त्याआधी त्या बारीकसारीक नियमांकडे बघू, कारण "हे काय आम्हाला शिडी लावायला शिकवणार" ही चिडचिड तिथेच होते. आणि मला माझ्या मामाबद्दल सांगायचंय.

एकास चार

माझा मामा वायरमन. मी आठवीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी गेलो की त्याच्याबरोबर कामावर जायचो. पक्कड दे, टेस्टर दे, वायर ओढ, एवढंच. एका घरात भिंतीवर उंच पंखा लावायचा होता. भिंतीला लागून भलंमोठं जड शोकेस, सामानानं भरलेलं. ते हलवायचा घरमालकांना कंटाळा. म्हणून मामानं शिडीचा पाय शोकेसपासून चांगला लांब ठेवला आणि शिडी वरून तिरकी नेऊन भिंतीला टेकवली. मला म्हणाला, "धर रे घट्ट." मी धरली.

तो अर्ध्यापर्यंत गेला, काही झालं नाही. आणखी दोन पायऱ्या चढला, ड्रिल लावलं, आणि शिडीचा पाय फरशीवरून सरकला. माझ्या हातातूनच गेला. मामा उभ्याउभ्या खाली आला, टाचेवर. टाचेचं हाड मोडलं. सहा-सात फुटांवरून. तुम्ही म्हणाल, सहा-सात फूट म्हणजे काय. पण टाचेचं हाड चुरलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही. मामाचं शिडीवरचं काम त्या दिवशी संपलं. आता त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे.

घरात मला कुणी बोललं नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं: मी घट्ट धरली नाही.

आता नियम बघा. शिडी उंचीला चार तर बुडाशी एक या प्रमाणात लावा. म्हणजे बारा फुटांवर टेकली असेल तर पाय भिंतीपासून तीन फुटांवर. कोन होतो साधारण पंचाहत्तर अंश. ब्रिटनमध्ये हाच नियम, अमेरिकेत टेकवून ठेवायच्या शिडीसाठी हाच नियम. हा आकडा कुणी बाबूनं टेबलावर बसून काढला असेल असं मला वाटायचं. पण हा इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. परीक्षेत यायचा. मी सोडवलाय, मार्क घेतलेत, आणि मामाशी त्याचा काही संबंध आहे हे डोक्यातही आलं नाही.

साधा हिशोब करू. भिंत गुळगुळीत धरा. माणूस सत्तर किलोचा, शिडी दहा किलोची. शिडी भिंतीला बाहेर रेटते, भिंत शिडीला तितक्याच जोरानं परत रेटते, आणि त्यामुळे शिडीचा पाय बाहेर सटकू बघतो. त्याला अडवतं ते फक्त फरशीचं घर्षण. हा बाहेरचा रेटा दोन गोष्टींवर ठरतो: शिडी किती तिरकी आहे, आणि माणूस किती वर आहे.

मामाची शिडी साधारण साठ अंशांवर असणार. तो दोनतृतीयांश उंचीवर होता. हिशोब मांडला तर बाहेरचा रेटा येतो तीस किलोच्या वजनाइतका. आता घर्षण किती मिळतं? शिडीच्या पायाचं रबर झिजलेलं, फरशीवर ड्रिलिंगची धूळ. घर्षणाचा गुणांक पाव धरू. माणूस आणि शिडी मिळून ऐंशी किलो, त्याचा पाव म्हणजे वीस. हवेत तीस, मिळतात वीस. उरलेले दहा किलो कोण पेलणार? आठवीतला मुलगा.

आता तीच शिडी, तीच फरशी, तेच झिजलेलं रबर, तोच मामा. फक्त कोन पंचाहत्तर अंश करा. रेटा होतो चौदा किलो. मिळतात वीस. शिडी हलत नाही. खाली कुणी धरलेली असो वा नसो.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. साठ अंशांच्या शिडीवर मामा अर्ध्याच्या जरा अलीकडे होता तोपर्यंत घर्षण पुरत होतं. तिथून पुढे प्रत्येक पायरीला रेटा वाढत गेला. म्हणून "चढताना तर घट्ट वाटत होती" असं प्रत्येक पडलेला माणूस सांगतो. ती खरंच घट्ट असते, खाली असेपर्यंत. आणि एकदा पाय सरकायला लागला की शिडी आणखी तिरकी होते, म्हणजे रेटा आणखी वाढतो. मध्ये थांबायची सोयच नाही.

मग मी मार्गदर्शन पुढे वाचलं. शिडी पक्की कशी करायची, त्याचा प्राधान्यक्रम दिलाय. आधी बांधा. बांधता येत नसेल तर शिडी स्थिर करणारं साधन वापरा. आणि खाली माणसानं पाय देऊन किंवा धरून उभं राहणं हा शेवटचा उपाय, बाकी काहीच जमत नसेल तेव्हाचा.

शेवटचा उपाय. इतकी वर्षं मी ज्याला माझी चूक समजत होतो, ती गोष्ट नियमाच्या दृष्टीनं भरवशाची नव्हतीच. नियम असं म्हणतच नाही की "मदतनीसानं घट्ट धरावी". तो म्हणतो, मदतनीसाच्या हातावर वेळ येऊच देऊ नका. शोकेस हलवा, नाहीतर वर दोरी बांधा.

हे वाचल्यावर मला "अती नियम" या शब्दाबद्दल जरा थांबून विचार करावासा वाटला.

दोन मीटर म्हणजे किती

एक आक्षेप नेहमी येतो: एवढ्याशा उंचीला कसले नियम? पूर्वी ब्रिटनच्या बांधकाम नियमांमध्येही दोन मीटरची रेष होती. २००५ मध्ये ती काढली, आणि जिथून पडून इजा होऊ शकते अशी कुठलीही उंची नियमात आली. यावर खूप टीका झाली.

पण गणित करून बघा. दोन मीटरवरून खाली यायला लागतो ०.६४ सेकंद. खाली पोहोचताना वेग असतो ताशी बावीस किलोमीटरच्या पुढे. माणसाला एखादी गोष्ट जाणवून हात हलायलाच पाव सेकंदाच्या आसपास जातो. म्हणजे "पडतोय" हे कळून काही पकडेपर्यंत निम्मा वेळ संपलेला असतो. आपण म्हणतो, "मी असतो तर उडी मारली असती." नाही मारता येत.

आणि उंच ठिकाणी माणूस आपोआप जपतो. सहा फुटांवर आपण जपत नाही. म्हणून रेष काढण्यामागचा विचार मला पटतो. पण रेष काढल्याचा एक तोटाही आहे, आणि तोच आमच्या ऑफिसात दिसला. रेष नाही म्हटल्यावर प्रत्येक उंची सारखीच समजायचा मोह होतो.

मग अतिरेक कुठे होतो?

२०११ मध्ये ब्रिटिश सरकारनं किंग्ज कॉलेज लंडनचे प्राध्यापक राग्नार लॉफश्टेट यांना सगळ्या सुरक्षा नियमांचा आढावा घ्यायला सांगितलं. त्यांचा निष्कर्ष असा, की कायद्यात आमूलाग्र बदल करायची गरज नाही. अडचण बऱ्याच अंशी कायद्याचा अर्थ कसा लावला जातो आणि तो कसा राबवला जातो यात आहे. उंचीच्या नियमांबद्दल त्यांनी खास शिफारस केली, की या नियमांमुळे लोक कायद्याच्या मूळ हेतूपेक्षा जास्त काही करत बसत नाहीत ना, ते तपासा. पुढे २०१४ मध्ये खात्यानं सोपं, छोटं मार्गदर्शन काढलं.

म्हणजे कायदा एक सांगतो, आणि तो आपल्या टेबलापर्यंत येईतो त्याचं दुसरंच काहीतरी होतं. कसं होतं, ते मी आतून बघितलंय, म्हणून सांगतो.

कायदा म्हणतो, धोका बघून ठरवा. कंपनीच्या सेफ्टी विभागाला वाटतं, ठरवायची जबाबदारी खालच्या माणसावर नको, म्हणून सगळ्यालाच परवाना लावा. मोठी कंपनी आपल्या कंत्राटात तीच अट घालते. छोटा कंत्राटदार ती अट जशीच्या तशी उचलतो. मग ते सॉफ्टवेअरवाल्याकडे येतं, म्हणजे माझ्याकडे. आणि मी काय करतो? सगळी खानी भरणं सक्तीचं करतो. वीस मीटरच्या टॉवरला जो फॉर्म, तोच दोन पायऱ्यांच्या स्टुलाला. कारण दोन वेगळे फॉर्म करायचे तर वेळ जातो, आणि क्लायंटनं मागितलेले नाहीत.

आमचा फॉर्म तपासताना मी एकदा घड्याळ लावलं. "शिडी तपासली का? हो. जमीन सपाट आहे का? हो. हवामान ठीक? हो." न वाचता सगळ्या खुणा करून फॉर्म सबमिट करायला मला मिनिटसुद्धा लागलं नाही. मी एसीत बसलो होतो आणि समोर शिडी नव्हती. फॉर्मला काही फरक पडला नाही. त्यानं मला परवाना दिला.

हा खरा अतिरेक. फॉर्ममध्ये शिडीचा कोन विचारणारं खानं नव्हतं. सही कुणाची, याची मात्र तीन खानी होती. उद्या कुणी पडलं तर या फॉर्ममधून एवढंच कळणार की दोष कुणाच्या नावावर टाकायचा. पडणं थांबवणारं त्यात काही नाही.

आणि याचा दुसरा परिणाम म्हणजे खुर्ची. नियम जड झाला की लोक काम थांबवत नाहीत, शिडी वापरणं थांबवतात. घोडी कुलपात गेली आणि त्या जागी चाकांची खुर्ची आली. कागदावर आमच्या ऑफिसात त्या दिवशी उंचीवरचं काम झालंच नाही. रेकॉर्ड अगदी स्वच्छ.

कधीकधी मात्र नियमाचा अर्थ लावण्यात नाही, नियमातच खोट असते, हेही मान्य करायला हवं. अमेरिकेचं उदाहरण घ्या. कारखान्यात किंवा टॉवरवर भिंतीला पक्क्या बसवलेल्या उंच उभ्या शिड्या असतात. त्यांच्याभोवती लोखंडी पिंजरा तुम्ही पाहिला असेल. कित्येक वर्षं हा पिंजरा म्हणजेच सुरक्षा असं मानलं जायचं. पण पिंजरा पडणाऱ्या माणसाला थांबवत नाही. माणूस आतल्या आत आपटत खाली येतो. २०१६ मध्ये तिथल्या खात्यानं, म्हणजे ओशानं, नियम बदलला. चोवीस फुटांपेक्षा उंच अशा नव्या शिड्यांना पिंजरा चालणार नाही, माणसाला शिडीच्या रुळाला किंवा दोराला अडकवून ठेवणारी व्यवस्था हवी. जुन्या शिड्या बदलायला त्या नियमात २०३६ पर्यंतची मुदत दिली. म्हणजे लाखो किलो लोखंड लावून जे केलं ते मुख्य काम करतच नव्हतं. नियम आहे म्हणून तो शहाणाच असेल, असं नाही. तो मुळात पडणं थांबवतो का, हे विचारत राहावंच लागतं.

जिथे नियम पोहोचतच नाहीत

आता या चर्चेतली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट. "नियम अती झाले" असं कोण म्हणतं? आम्ही म्हणतो. ज्यांच्या ऑफिसात सेफ्टी विभाग आहे ते. मामाला कधी कुणी फॉर्म भरायला लावला नाही.

आपल्याकडच्या कायद्यांची रचना बघा. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि स्वतःचं घर बांधणाऱ्याला ठरावीक खर्चापर्यंत त्यातून सूट होती. जुने कायदे एकत्र करणाऱ्या २०२० च्या संहितेतही आस्थापना म्हणजे सर्वसाधारणपणे दहा किंवा जास्त कामगार हाच निकष आहे. म्हणजे घरोघरी जाणारा एकटा वायरमन, रंगारी, एसी दुरुस्त करणारा, डिश अँटेना बसवणारा, गणपतीत मांडवाला माळा लावणारा, हे सगळे बाहेर. जो माणूस रोज शिडीवर असतो त्याला काही लागू नाही, आणि जो वर्षातून एकदा चढतो त्याच्यासाठी तीन सह्या.

म्हणून "नियम जास्त की कमी" हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. एकाच शहरात दोन्ही आहेत. काचेच्या इमारतीत आत जास्त, आणि तिच्या बाहेर काचा पुसणाऱ्याच्या नातेवाइकाच्या घरी शून्य.

मग मोजायचं कसं?

मी स्वतःपुरती एक कसोटी केली आहे. कुठलाही सुरक्षेचा नियम आला की विचारायचं, हा नियम कुणाला कामाला लावतो? शिडीच्या कोनाला, दोरीला, रबराच्या पायाला, म्हणजे व्यवस्थेला कामाला लावत असेल, तर तो कितीही क्षुल्लक वाटला तरी पाळायचा. एकास चार हा नियम फुकट आहे. दहा सेकंद लागतात. शिडीच्या पायाशी बोटं टेकवून ताठ उभं राहायचं, हात खांद्याच्या रेषेत समोर करायचे. पंजे पायरीला सहज पोहोचले की कोन साधारण बरोबर. याला फॉर्म लागत नाही.

पण नियम फक्त सही गोळा करत असेल, आणि सही केल्यानं शिडीच्या जागेवर काहीच बदलत नसेल, तर तो अती झाला. मग त्याला सुरक्षेचं नाव असलं तरी.

या कसोटीवर दोन्ही बाजूंचे काही नियम पडतात. "खाली माणूस उभा ठेवा" हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका उपाय, तो पडतो. त्यात सगळा भार एका माणसाच्या हातावर, आणि पुढे मनावर येतो. तीस मिनिटांची मर्यादा टिकते, कारण माणूस थकतो आणि थकला की शिडी हलवायचा कंटाळा करून बाजूला वाकतो. पोट दोन्ही उभ्या दांड्यांच्या मध्ये ठेवा, हा नियमही त्याचसाठी. घोडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभं राहू नका, हाही टिकतो, कारण तिथे गुडघे टेकायला काही उरत नाही. स्टुलावर चढायला तीन सह्या हा पडतो.

आमच्या टीममध्ये मी हे मांडलं. थोडी वादावादी झाली. क्लायंटशी बोलणं झालं, आणि फॉर्मचे दोन भाग करायचं ठरलं. कमी उंचीच्या, थोड्या वेळाच्या कामाला चारच प्रश्न. त्यातला एक कोनाचा, आणि शिडी जागेवर लावलेला फोटो. मोठ्या कामाला मोठा फॉर्म. हे फार भारी केलं असं नाही. फोटोही लोक जुना टाकतील, ही भीती आहेच. पण निदान फॉर्म आता शिडीकडे बघतो.

आणि पहिला प्रश्न काय ठेवला माहितीये? "हे काम खाली उभं राहून करता येईल का?" कायद्यातली पहिली पायरी. तो आधीच्या फॉर्ममध्ये होता, पण तिसऱ्या पानावर, आणि सगळे 'नाही' टिकवून पुढे जायचे. मीसुद्धा.

हा प्रश्न वर आणण्याचं कारण सांगतो. त्या वायफायच्या प्रसंगानंतर आमच्या नेटवर्कवाल्यानं मला विचारलं, "खुर्चीवर कशाला चढलात रे?" मी म्हटलं, केबल काढायला. तो हसायला लागला. त्या अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज त्याच नेटवर्क केबलमधून जाते, खालच्या स्विचमधून. त्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं. त्या पोर्टची वीज बंद केली, परत चालू केली. छतावरचा दिवा विझला, लागला. खुर्चीतून न उठता.

खोलीत सगळे इंजिनिअर होते त्या दिवशी. एकालाही सुचलं नाही. शिडी मिळत नाही म्हणून आम्ही नियमांना शिव्या घालत होतो, आणि नियमाची पहिलीच ओळ आम्ही वाचलेली नव्हती.

मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. दुकानात बसून त्याला हा सगळा हिशोब कागदावर काढून दाखवला. तीस, वीस, दहा. त्यानं चष्मा वर करून बघितलं. म्हणाला, "म्हणजे शोकेस हलवायला पाहिजे होतं." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मी म्हटलं होतं त्यांना. म्हणाले, पाच मिनिटांचं तर काम आहे." मग तो परत मिक्सरकडे वळला. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाला, "तू काय, पोरगं होतास."

एवढंच. तर मंडळी, एक काम करा. घरी शिडी असेल तर तिच्या पायाचं रबर बघा. झिजलं असेल तर बदला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आणि पुढच्या वेळी वायरमन आला, आणि म्हणाला की कपाट जरा सरकवा, तर सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे असं म्हणू नका.

भेटू पुढच्या भागात.